ख्रिस्ती माणूस कसा दाखवावा: होतकरू पत्रकार, लेखक आणि शेजाऱ्यांसाठी काही सूचना

ख्रिस्ती माणसावर लिहायचं, बोलायचं किंवा त्याला पडद्यावर आणायचं तुम्ही ठरवलं असेल तर आधी अभिनंदन. काम सोपं आहे. यात कुणाला भेटावं लागत नाही, काही वाचावं लागत नाही, आणि चुकलं तरी तक्रार करायला फारसं कुणी येत नाही. तरीही नवख्या मंडळींची धांदल उडते, हे नुकतंच एका वाहिनीच्या स्टुडिओत जवळून बघितलं, म्हणून या सूचना लिहून ठेवतो आहे.

सुरुवात कपड्यांपासून करा. बाई असेल तर गुडघ्यापर्यंतचा फुलाफुलांचा फ्रॉक. वय सत्तर असलं तरी फ्रॉकच. पुरुष असेल तर तिरकी हॅट, गळ्यात चांगला ठसठशीत क्रूस आणि हातात बाटली. दर वाक्याच्या शेवटी ‘मॅन’ लावला की पात्र तयार. तरुण मुलगी असेल तर ती बॉसची सेक्रेटरी. पूर्वी ती क्लबात नाचायची, आता नोकरी सुधारली आहे. तरुण मुलगा असेल तर खलनायकाच्या टोळीतला दुसऱ्या फळीतला गुंड, नाव रॉबर्ट नाहीतर मायकल, मध्यंतराआधी मेला तरी हरकत नाही. अगदीच चांगला माणूस हवा असेल तर पांढऱ्या झग्यातला फादर घ्या. त्याने भर पावसात नायकाला दार उघडायचं, ‘माय चाइल्ड’ म्हणायचं आणि कथेतून निघून जायचं.

माझी आजी नऊवारी नेसायची. रविवारी चर्चमध्ये जमिनीवर मांडी घालून, पेटी-तबल्याच्या साथीने रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची आणि घरी येऊन भाकऱ्या थापायची. वसईकडे गेलात तर जुन्या बायका लाल लुगड्यात दिसतील, आडनाव लोपीस किंवा डिमेलो. असली माणसं कॅमेऱ्यासमोर आणू नका. ती ख्रिस्ती आहेत हे प्रेक्षकाला कळणारच नाही, आणि मग शूटिंगचा खर्च फुकट.

नावाचं. नगरकडचा ख्रिस्ती माणूस भेटला की तो गायकवाड, साळवे, ओहोळ असलं काहीतरी सांगतो. तुम्ही गोंधळू नका. भुवई उंचावून विचारा, “नाही, पण खरं नाव काय?” त्याने तेच नाव पुन्हा सांगितलं तर दुसरा प्रश्न तयार ठेवा: “म्हणजे तुम्ही आधी कोण होता?” आडनाव डिसूझा असेल तर हा त्रास नाही. तो गोव्याचा. त्याची सात पिढ्यांची जमीन नालासोपाऱ्यात असली तरी तो गोव्याचाच.

छायाचित्र: बातमी जागेच्या वादाची असो की शाळेच्या फीची, फाइलमधला सूर्यास्ताचा क्रूस लावा.

गुड फ्रायडेला, म्हणजे येशूच्या मरणाच्या दिवशी, ‘हार्दिक शुभेच्छा’ पाठवायला विसरू नका.

आता भाषा. इथे मात्र काटेकोर राहा. ख्रिस्ती माणसाला मराठी येत नाही हे गृहीत धरायचं, आणि येत असेल तर त्याचं कौतुक करायचं. मला ज्या वाहिनीने बोलावलं होतं तिने हा नियम फार निष्ठेने पाळला. निमित्त मराठी भाषा गौरव दिनाचं, विषय शाळांमधलं मराठी. मी उभी हयात माध्यमिक शाळेत मराठी शिकवण्यात घालवली, प्रयोग आणि समास तपासून तपासून चष्म्याचा नंबर वाढवून घेतला, तेव्हा बोलावलं ते त्यासाठीच असेल असा माझा भाबडा समज. आम्ही चौघं होतो. एकाच्या नावाखालच्या पट्टीवर ‘भाषा अभ्यासक’, दुसरीच्या ‘कवयित्री’, तिसऱ्याच्या ‘पालक’. माझ्या नावाखाली ‘ख्रिस्ती समाजाचे प्रतिनिधी’. मतदान कधी झालं, मला कुणी निवडून दिलं, काही कल्पना नाही. स्टुडिओत ती पट्टी आपल्याला दिसत नाही. खिशातला फोन थरथरत होता तो मुलीचा होता, स्क्रीनशॉट पाठवत होती, हे बाहेर आल्यावर कळलं.

पहिला प्रश्न आला: “सर, तुमच्याकडे घरी कोणती भाषा बोलतात?”

“मराठी.”

“नाही, म्हणजे आपापसात?”

“आपापसातही मराठीच.”

अँकरबाईंना मनापासून आनंद झाला. “किती शुद्ध बोलता हो तुम्ही!” मराठीच्या शिक्षकाला. मराठी भाषा गौरव दिनाला. शेजारचे भाषा अभ्यासक ‘वाक्यरचनेमधील जे काही स्ट्रक्चर असतं’ असं बोलत होते, त्यांच्या शुद्धतेचं कुणाला काही वाटलं नाही.

दुसरा प्रश्न: “धर्मांतरामुळे मराठी संस्कृतीला धोका आहे असं वाटतं का?” मी नववीतल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही हे सांगायला गेलो होतो. सांगितलंही, उदाहरणं देऊन सांगितलं. ते सगळं कापलं गेलं. यूट्यूबवर जो तुकडा चढला त्याचं शीर्षक ‘धर्मांतराबाबत ख्रिस्ती नेत्याचं मोठं विधान’. विधान काय, तर “हा आजचा विषय नाही.” एवढंच. खाली शेकड्याने प्रतिक्रिया, आणि त्यात मला कुठल्या देशात परत जायचं ते सांगणारे कितीतरी. नगर जिल्ह्याच्या पलीकडे आमच्या घराण्यात कुणी गेलं असेल तर ते पुण्याला. नोकरीसाठी.

आणि कौतुक कुणाच्या मराठीचं करता? फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. बरं, तो इंग्रज होता, सोडून द्या. बाबा पदमनजी कोण होते? १८५७ सालचं त्यांचं ‘यमुनापर्यटन’, विधवांच्या हालअपेष्टांवरचं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून मी शिकवत आलो; लेखक ख्रिस्ती झालेला होता हे वर्गात एकाही पोराला ठाऊक नसायचं, आणि स्टाफरूममध्येही नसायचं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरला निघालं. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र वाचून मराठी माणूस हसतो, रडतो, दुसऱ्याला वाचायला देतो, आणि मग माझ्यासारख्याला विचारतो, घरी कोणती भाषा बोलता? फादर दिब्रिटो जन्मभर मराठीत लिहीत राहिले, वसईच्या हिरवाईसाठी बिल्डरांशी भांडले, नव्या कराराच्या त्यांच्या मराठी अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष ठरले तेव्हा वाद कशावर झाला? त्यांच्या पुस्तकांवर? पुस्तकं वाचली होती कुणी? वाद झाला तो पाद्री अध्यक्ष कसा यावर.

तर ते असो. सूचनांकडे वळू.

क्रिकेटचा विषय निघाला तर विजय हजारे ख्रिस्ती होते हे चुकूनही सांगू नका. सांगलीचा हा माणूस १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ‘रेस्ट’ नावाच्या संघातून, म्हणजे हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन सोडून जे उरले त्यांच्यातून खेळला आणि दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या. आज त्यांच्या नावाची स्पर्धा दरवर्षी होते. चंदू बोर्डे पुण्याचे, मराठी ख्रिस्ती घरातले. शतक ठोकलं की माणूस भारताचा असतो, ते योग्यच आहे. ख्रिस्ती ही ओळख बातमीत फक्त अटकेच्या वेळी काढायची, हा संपादकीय संकेत आहे. तो मोडू नका.

मुलाला घालायची झाली तर शाळा कॉन्व्हेंटच बघा. पहाटे रांगेत उभे राहा, नगरसेवकाची चिठ्ठी आणा, सिस्टरला नमस्कार करा. प्रवेश पक्का झाला की त्याच शाळेला धर्मांतराचा कारखाना म्हणायला तुम्ही मोकळे. (आमच्या भागात निम्म्या ‘कॉन्व्हेंट’ शाळांच्या संस्थाचालक मंडळात एकही ख्रिस्ती नाही. नावावर मात्र ‘सेंट’ आहे. कारखाना चालत नसावा, पण पाटीला गिऱ्हाईक आहे.)

आकडे टाळा. १९५१ च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती २.३ टक्के होते, २०११ च्या जनगणनेत २.३ टक्केच. महाराष्ट्रात तर एक टक्काही नाही. साठ वर्षं लाट येते आहे, लाट येते आहे, आणि पाणी आहे तिथेच. असलं काही छापलं तर चर्चेचा कार्यक्रम कशावर करणार?

चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभा, मात्र दाखवा. जरूर दाखवा. कुबड्या फेकून नाचणारा माणूस, सुटाबुटातला पाद्री, हातात माइक. मला स्वतःला तो प्रकार अजिबात पटत नाही, आमच्या चर्चमध्ये यावरून भांडणं झालेली आहेत. कर्करोगाच्या रुग्णाला औषध बंद करायला सांगणाऱ्यावर गुन्हा नोंदवा, माझी सही घ्या. पण तीन मिनिटांची ती फीत दाखवून खाली ‘मिशनऱ्यांचा डाव उघड’ लिहिता, तेव्हा केडगावला रमाबाईंनी सांभाळलेल्या अनाथ मुली, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात वर्षानुवर्षं बरे होऊन गेलेले तुमचेच आजी-आजोबा, सगळे त्या पट्टीखाली येतात. येऊ द्या. जागा भरते.

शेवटची सूचना, सध्या सगळ्यात जास्त खपणारी: वाद घालताना काही सुचलं नाही तर ‘तांदळाच्या गोणीसाठी बाटलेले’ असं लिहा. सोपं आहे, टाइप करायला वेळ लागत नाही, आणि समोरचा गप्प होतो.

मी नाही होणार.

माझा पणजा महारवाड्यातला. त्याला तांदूळ कुणी दिला असेल तर दिला असेल, दुष्काळ होता, पोरं उपाशी होती, आणि उपाशी पोराला तांदूळ देणाऱ्याची लाज मला का वाटावी? न देणाऱ्यांची तुम्हाला वाटते का? पण आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगतात ते तांदळाचं नाही सांगत. सांगतात पाण्याचं. गावच्या विहिरीवर त्याची सावली चालत नव्हती. मिशनच्या आवारातल्या आडावर त्याला कुणी अडवलं नाही, पोहरा त्याने स्वतःच्या हाताने ओढला, आणि शाळेत त्याचं पोरगं बाकावर बसलं. हे १९२७ च्या कितीतरी आधीचं, आणि १९२७ सालीसुद्धा महाडला तळ्याचं पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, पाणी प्यालेल्या माणसांना मार खावा लागला. तेव्हा पणज्याने धर्म का बदलला हे मला विचारू नका. ज्यांची विहीर होती त्यांच्या पणतवंडांना विचारा.

आणि आमिषाचा हिशेब करायचाच असेल तर पुरता करा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ साली शिखांना दिला, १९९० साली बौद्धांना. दलित ख्रिस्ती अजून बाहेर. आयोग बसतात, २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने द्या म्हणून सांगितलं, २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. म्हणजे माझ्या आज्याला, बापाला आणि मला त्या राखीव जागा नाहीत, त्या शिष्यवृत्त्या नाहीत, अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्याचं संरक्षण नाही. गावात जात मात्र होती तिथे आहे, लग्न ठरवताना चर्चमध्येसुद्धा आहे, तीही आमच्या लोकांना लाज आणणारी गोष्ट आहे. एका गोणीच्या बदल्यात तीन पिढ्यांच्या सवलती सोडणारा माणूस तुम्हाला लोभी दिसतो? हा कुठल्या बाजारातला भाव आहे?

सूचना संपल्या. आता सरळ बोलतो.

तुम्ही अज्ञानी नाही, आळशी आहात. नगर, जालना, वसई, सगळं एसटीच्या अंतरावर आहे. कुणीही दार उघडेल, चहा देईल. तुम्ही येत नाही, कारण तयार पट्टी हाताशी आहे आणि ती टीआरपी देते. आणि तुम्ही, सोसायटीच्या ग्रुपवर ‘यांना हाकला’ असा मेसेज येतो तेव्हा तो वाचून खाली अंगठा न टाकता पण एक शब्दही न बोलता पुढच्या मेसेजवर जाणारे, आणि मग जिन्यात भेटल्यावर खांद्यावर हात ठेवून “तुमच्याबद्दल नाही हो ते” म्हणणारे, तुमचा मला जास्त राग आहे. माझ्याबद्दलच आहे ते. दुसऱ्या कुणाबद्दल असणार? जिन्यात नका सांगू, ग्रुपवर लिहा.

वार्ताहरांनो, रविवारी कुणाच्या तरी घरात प्रार्थना चालू असते, पंधरावीस माणसं असतात, जमाव आत शिरतो, बायबल फाडतो, आणि तुम्ही लिहिता ‘परिसरात तणाव निर्माण झाला’. कोण शिरलं ते लिहा. संघटनेचं नाव तुम्हाला माहीत असतं, कारण त्यांनीच तुम्हाला आधी फोन करून बोलावलेलं असतं. ज्यांची खोली फोडली त्यांच्यावरच गुन्हा दाखल होतो आणि तुम्ही चार कॉलमची बातमी करता, नावासकट, गल्लीसकट. पुढे तीच माणसं कोर्टातून सुटली की तुमच्याकडे जागा नसते. गल्ली सोडून गेलेलं कुटुंब सुटल्याचा कागद घेऊन तुमच्या कार्यालयात येतं तेव्हा साहेब मीटिंगमध्ये असतात. तेव्हा त्यांना आत बोलवा, खुर्ची द्या, आणि तो निकाल छापा. त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात.