जुने रिव्हॉल्वर ‘बाद’ झालेले नाही : तात्यांपर्यंत पोचलेल्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमारास मसूरहून तात्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा फोन आला. पंचवीस वर्षे झालेले रिव्हॉल्वर सरकार बाद करणार असून महिनाअखेरीपर्यंत ते दुकानात देऊन नवे घ्यावे लागेल, असे त्यांना कळले होते आणि उद्या पहिल्या एसटीने साताऱ्याला येऊ का, असे ते विचारत होते. तात्यांचे वय त्र्याहत्तर. आजोबांनी १९६२ साली मुंबईच्या दुकानातून घेतलेले वेब्ली अँड स्कॉटचे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्वर १९८८ पासून त्यांच्या परवान्यावर आहे, आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकही नूतनीकरण चुकवलेले नाही. अशा माणसाला घाबरवणारा संदेश मी मागवून घेतला, वाचला आणि मला संताप आला. साताऱ्याच्या न्यायालयात मी बावीस वर्षे वकिली करतो. शस्त्र कायद्याची प्रकरणे चालवतो, म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.

संदेशात पाच गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. पंचवीस वर्षांवरील रिव्हॉल्वर नव्या नियमांनुसार बाद होते; दोन शस्त्रांच्या मर्यादेमुळे जुने द्यावेच लागते; जुन्याची काडतुसे बंद झाली आहेत; नवे रिव्हॉल्वर दुप्पट ताकदीचे आहे; आणि दुकानदार जुने घेत नसेल, तर ते भावकीत कोणालाही पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देता येते. खाली ‘सर्व परवानाधारक बांधवांपर्यंत पोचवा’ असे आवाहन आहे, आणि बांधवांनी ते इमानेइतबारे पोचवलेही आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चारांनी फार तर पैसे जातील. या एकाने माणूस तुरुंगात जाईल. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ मध्ये खासगी वापराचे शस्त्र विकण्याची किंवा हस्तांतरित करण्याची रीत स्पष्ट लिहिलेली आहे. घेणारा माणूस कायद्याने ते बाळगण्यास पात्र असला पाहिजे. देणाऱ्याने आपला इरादा आणि घेणाऱ्याचे नाव व पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवले पाहिजे, आणि ते कळवल्यानंतर किमान ४५ दिवस गेले पाहिजेत. या तीनांपैकी एकही गोष्ट स्टॅम्पपेपरने होत नाही. नोटरी फक्त समोरच्या माणसाने सही केली एवढे सांगतो. शस्त्र बाळगण्याचा अधिकार देणे त्याच्या हाती नाही. कलम ५ मोडून शस्त्र विकणाऱ्याला किंवा हस्तांतरित करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे, आणि परवान्याशिवाय ते घरात ठेवणाऱ्याला किमान दोन वर्षे ते पाच वर्षे. म्हणजे ज्या मेव्हण्याला आपण विश्वासाने वस्तू दिली, तोही आरोपी होतो आणि आपणही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी वाळवा तालुक्यातील एक शेतकरी माझ्याकडे आला होता. त्याच्या वडिलांनी आजारपणात आपली बाराबोअर जावयाला अशीच नोटरी करून दिली होती. वडील गेले, भावांमध्ये जमिनीवरून वाद झाला आणि एका भावाने ती नोटरीच पुरावा म्हणून पोलिसांत नेऊन दिली. ज्या कागदाने आपण सुरक्षित झालो असे जावयाला वाटत होते, त्याच कागदावर त्याच्या ताब्यात शस्त्र असल्याची तारीखवार कबुली होती. तो कागद नसता, तर बचावाला थोडी तरी जागा राहिली असती. परवानाधारक वारला, तर वारसांनी शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची असते, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. संदेश लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक नसावे.

आता पंचवीस वर्षांचा मुद्दा. हा आकडा हवेतून आलेला नाही, त्यामुळे लोक फसतात. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम २५ मध्ये ‘पंचवीस वर्षे’ हे शब्द खरोखर आहेत. पण तो नियम वारसांविषयीचा आहे. परवानाधारक हयात असताना त्याला सत्तर वर्षे पूर्ण झाली असतील, किंवा त्याने ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले असेल, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो आपल्या पसंतीच्या वारसाच्या नावे परवाना मिळावा म्हणून अर्ज करू शकतो, एवढेच त्यात म्हटले आहे. ही म्हाताऱ्या माणसाला दिलेली सवलत आहे. तिच्यातून कोणीतरी ‘पंचवीस वर्षे’ एवढेच उचलले आणि सवलतीची सक्ती करून टाकली. पोलादाच्या वस्तूला वयाची मुदत लावणारा एकही शब्द मला या कायद्यात किंवा नियमांत सापडलेला नाही. तात्यांचा परवाना मागच्याच वर्षी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होऊन आला, त्यावर याच रिव्हॉल्वरचा क्रमांक आहे, आणि निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा केलेले हेच शस्त्र त्यांना पावतीवर परत मिळाले. बाद झालेली वस्तू कोणी अशी परत देत नाही.

दोन शस्त्रांची मर्यादा खरी आहे. डिसेंबर २०१९ पासून तीनाऐवजी दोन. तात्यांकडे एक दुनळी आणि हे रिव्हॉल्वर आहे, म्हणजे ते मर्यादेतच आहेत. नवे रिव्हॉल्वर घ्यायचे ठरले तरच जुने किंवा दुनळी द्यावी लागेल, कारण तिसऱ्याला जागा नाही.

काडतुसांचा दावा चुकीचा आहे. ०.३२ लाँग हे काडतूस १८९६ पासूनचे असून आपल्याकडे ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनते. बुडावर ‘केएफ’ अशी इंग्रजी अक्षरे असतात. कानपूरहून येणारी निर्भीक आणि प्रबल ही दोन्ही नवी रिव्हॉल्वरेही हेच काडतूस घेतात. ज्यांच्याकडे ०.४५५ सारख्या लष्करी बोअरचे जुने शस्त्र आहे, त्यांची अडचण खरी आहे, पण तो वेगळा विषय आहे.

दुप्पट ताकदीचा दावाही यातच निकालात निघतो. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या प्रबलच्या जाहिरातीत परिणामकारक पल्ला ५० मीटर आणि इतर रिव्हॉल्वरांच्या दुपटीहून अधिक, असे सांगितले गेले. तो पल्ल्याचा दावा होता. संदेशात येताना त्याची ताकद झाली. काडतूस तेच, सुमारे सहा ग्रॅमची गोळी तीच, आणि नळी ७६ मिलिमीटरची, म्हणजे तीन इंची. गोळीची ताकद काडतूस आणि नळी ठरवतात. रिव्हॉल्वर किती नवे आहे याने ती वाढत नाही. शिवाय तीन इंची नळीने पन्नास मीटरवर नेम धरण्याची पाळी रानातल्या घरात राहणाऱ्या त्र्याहत्तर वर्षांच्या माणसावर येऊ नये आणि आली तर त्याने गोळी झाडू नये, असे माझे मत आहे.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते, मनात नसतानाही. नवे घ्यावे असे म्हणणाऱ्यांकडे एक खरा मुद्दा आहे आणि तो संदेशात नेमका नाही. काही जुन्या रिव्हॉल्वरांत घोड्यावर, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या मागच्या हातोडीवर, मार बसला, तर काडतूस फुटू शकते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकी नौदलाच्या जहाजावर एक भरलेले रिव्हॉल्वर डेकवर पडून सुटले आणि एक खलाशी मेला. त्यानंतर स्मिथ अँड वेसन कंपनीने घोडा अडवणारा सुधारित भाग बसवायला सुरुवात केली. प्रत्येक जुन्या बनावटीत असा भाग असतोच असे नाही, आणि असला तरी साठ वर्षांत तो झिजलेला असू शकतो. प्रबलची चक्री, म्हणजे काडतुसे बसतात तो फिरता भाग, बाजूला उघडते, प्रबलचे सुटे भाग देशातच मिळतात, आणि निर्भीकचे वजन अवघे पाचशे ग्रॅमच्या आसपास आहे. हे फायदे खोटे नाहीत.

म्हणून रविवारी मी मसूरला गेलो. तात्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरले, अंगठ्याने वरची खिटी दाबून रिव्हॉल्वर मधोमध उघडले, तशी मधली चांदणी वर उचलली गेली आणि सहाही काडतुसे एकदम बाहेर आली. थरथरत्या बोटांना एकेक काडतूस काढावे लागत नाही, हा या जुन्या घडणीचा गुण आहे आणि बदलाचा विचार करताना तो मोजलाच पाहिजे. नळीवर बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाचा मुकुट आणि ‘बीएनपी’ अक्षरे स्पष्ट दिसत होती, म्हणजे धूरविरहित दारूसाठी त्याची तपासणी झालेली आहे. चक्रीची सहाही घरे रिकामी असल्याचे दोघांनी पाहिले आणि मग तात्यांनी घोडा मागे घेऊन, चाप दाबून, तो हळूच खाली आणला. चाप दाबलेलाच ठेवून मी चक्री बोटाने हलवून पाहिली. पाच घरांवर ती घट्ट होती. सहाव्यावर किंचित डुलत होती.

हा डुलणारा भाग परवानाधारक कारागिराला दाखवायचा आहे. दुरुस्त होत असेल तर रिव्हॉल्वर ठेवायचे, होत नसेल तर रीतसर देऊन नवे घ्यायचे. व्यवहाराच्या दृष्टीनेही घाई नको, कारण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात बंद असल्याने चांगल्या स्थितीतील विलायती रिव्हॉल्वरला नव्यापेक्षा कितीतरी जास्त किंमत येते. महिनाअखेरीच्या धास्तीने ते ‘एक्स्चेंज’मध्ये देणाऱ्याचे नुकसान ठरलेले आहे, आणि हा संदेश मुळात कोणाच्या सोयीसाठी निघाला असावा याची शंका मला इथेच येते.

तात्यांनी मात्र कागदाचाच विषय पुढे काढला. ज्या नियमाने त्यांना रात्रभर झोप लागली नाही, त्याच नियम २५ खाली ते आपल्या धाकट्या मुलासाठी अर्ज करू शकतात. तो एकवीस वर्षांचा केव्हाच होऊन गेला आहे. शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र त्याला घ्यावे लागेल आणि पोलीस चौकशीही होईल. “त्याला नंतर नवे घ्यावेसे वाटले तर?” असे तात्यांनी विचारले. त्यालाही तीच लेखी सूचना आणि तेच ४५ दिवस, असे मी सांगितले. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत द्यायचा अर्ज आम्ही तिथेच टेबलावर लिहायला घेतला, आणि शस्त्राचा क्रमांक तात्यांनी चष्मा लावून स्वतः दोनदा ताडून पाहिला.