दुसऱ्या फेरीचा हिशेब

"ताई, तुम्ही तर आपल्याच. तेवढं सांभाळून घ्या ना."

काही वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाने महाराष्ट्रातून नाटक बोलावलं होतं. भाड्याच्या हॉलमध्ये प्रेक्षकांसाठी २१०० चौरस फूट मोकळी जागा होती. सुट्या खुर्च्या मांडायच्या तर आमच्या नियमांत माणशी ७ चौरस फूट धरतात, म्हणजे ३०० माणसं. मध्ये टेबलं आली की माणशी १५ चौरस फूट, म्हणजे १४०. तिकिटं मात्र ३७० विकली गेली होती आणि परवानगीचा अर्ज माझ्याच टेबलावर आला होता. मी कॅलिफोर्नियातल्या एका शहराच्या अग्निशमन दलात फायर प्रिव्हेन्शन ऑफिसर आहे. मी नाही म्हटलं. शेवटी दुपारी एक आणि संध्याकाळी एक असे दोन प्रयोग झाले. कलाकार दमले, मंडळाचा खर्च वाढला, आणि काही जण अजून माझ्याशी तुटक बोलतात.

मंडळाच्या लोकांच्या त्या "सांभाळून घ्या"चा मला राग आला नाही. त्यांना खरंच वाटत होतं की सत्तर खुर्च्यांचा प्रश्न आहे आणि तो माझ्या हातात आहे. मला दिसत होता तो हॉलचा मागचा दरवाजा आणि अंधारात, धुरात, एकाच वेळी तिकडे वळलेली ३७० माणसं.

माझं काम आग विझवण्याचं नाही. बंबावर मी जात नाही. महाराष्ट्रात सिव्हिल इंजिनिअरिंग करून इथे आले, आधी नकाशे तपासले आणि मग तपासणीच्या कामावर आले. दिवस जातो शाळा, अपार्टमेंट, गोदामं, हॉटेलं पायी फिरण्यात. मागचा दरवाजा आतून, किल्लीशिवाय, एका धक्क्यात उघडतो का? आगीत छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरखाली १८ इंच मोकळे आहेत का? खोकी छतापर्यंत रचली की पाण्याचा फवारा पसरतच नाही आणि लाखो डॉलरची यंत्रणा खोक्यांच्या वरच्या थरावर वाया जाते. एक्स्टेंशन कॉर्ड कायमची वायरिंग म्हणून वापरली आहे का? आग विझवायच्या सिलिंडरच्या टॅगवर गेल्या वर्षभरातली तपासणीची तारीख आहे का? अशा बारीकसारीक गोष्टी.

या कामामुळे घरच्या बातम्या मी वेगळ्या वाचते. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये आगीत २७ जण गेले, त्यात लहान मुलं होती. त्या आठवड्यात कुटुंबाच्या ग्रुपवर तीच चर्चा झाली, जी २०१७ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत कमला मिलच्या रूफटॉप पबमध्ये १४ जण गेले तेव्हा झाली होती. एक म्हणतो, अधिकारी पैसे खातात, सगळ्यांना निलंबित करा. दुसरा म्हणतो, आपल्या लोकांना शिस्तच नाही. तिसरा म्हणतो, कायदा कडक हवा, तुमच्या अमेरिकेसारखा. मग सगळे माझ्याकडे वळतात: तू सांग, तिकडे कसं आहे?

कायद्यापासून सुरुवात करते, कारण गैरसमज तिथे सर्वांत मोठा आहे. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यात जबाबदारी स्पष्ट शब्दांत इमारतीच्या मालकावर आणि भोगवटादारावर टाकलेली आहे. अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे फॉर्म बी म्हणतात, लायसन्स्ड एजन्सीकडून घेऊन दर जानेवारीत आणि दर जुलैत अग्निशमन दलाकडे द्यायचं असतं. वर्षातून दोनदा! उंच इमारतींना रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी लोकांनी सुरक्षित थांबायची मोकळी जागा, ठेवावा लागतो. माझ्या हद्दीतल्या एकाही इमारतीत तशी जागा नाही, इथे सगळी भिस्त स्प्रिंकलरवर.

उलट माझे अधिकार तोकडे आहेत. सिएटलमध्ये एका गोदामाच्या मालकाने अग्निसुरक्षा तपासणीसाठी आलेल्या माणसाला वॉरंटशिवाय आत येऊ दिलं नाही. त्याला १०० डॉलर दंड झाला, तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६७ मध्ये जिंकला. तेव्हापासून मालक दारात उभा राहून नाही म्हणाला तर मला परत फिरावं लागतं आणि वॉरंट घेऊन यावं लागतं. बहुतेक वेळा कुणी अडवत नाही, हे खरं. पण "तिकडे अधिकाऱ्यांना जबरदस्त पॉवर असते" हे ग्रुपवरचं वाक्य ऐकलं की मला सिएटलचं ते गोदाम आठवतं.

आता शिस्त. इथल्या दारांवर कमरेच्या उंचीला आडवी दांडी असते, अंग टेकलं तरी दार बाहेर उघडतं. भारतातून आलेल्या पाहुण्यांना तिचं कौतुक वाटतं. ती शिस्तीतून आलेली नाही. ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये दुपारच्या खेळाला आग लागली. थिएटर उघडून महिना-सव्वा महिनाच झाला होता आणि जाहिरातीत त्याला अग्निरोधक म्हटलं होतं. दारं कुलूपबंद होती, काहींच्या कड्या लोकांना कळेनात. ६०० हून अधिक माणसं मेली, बरीचशी बायका-मुलं. इंडियानापोलिसचा कार्ल प्रिंझलर नावाचा हार्डवेअर विक्रेता त्या खेळाला जाणार होता, कामामुळे राहिला. त्याच्या मनातून ती दारं गेली नाहीत आणि पुढे एका आर्किटेक्टबरोबर त्याने ती दांडी बाजारात आणली. आज मी रोज तीच दांडी दाबून बघते. तरीही, सव्वाशे वर्षांनी, इथल्या शिस्तीच्या देशात, तिच्यावर साखळी गुंडाळलेली मला सापडते. चोरी होते म्हणून. फुकटे आत शिरतात म्हणून. कारणं घरच्यासारखीच असतात.

राहिला प्रश्न प्रामाणिकपणाचा. इथे मला माझीच गोष्ट सांगायला हवी.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कार्यक्रमाच्या हॉलमध्ये मागचा दरवाजा साखळीने बांधलेला दिसला. नोटीस लिहिली. मालक भला माणूस होता, माझ्यासमोर साखळी काढली, पण दाराचं बिजागर नीट करायला वेळ मागितला. पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं होतं. त्या आठवड्यात माझ्याकडे तीस-पस्तीस जागा होत्या. त्याने फोनवर फोटो पाठवला, नवं बिजागर, सताड उघडं दार. मी फोटो नोंदीला जोडला आणि प्रकरण बंद केलं. पुढच्या वर्षी वार्षिक तपासणीला गेले तर नवं बिजागर होतं आणि त्यावर जुनीच साखळी. आतल्या बाईंनी सहज सांगितलं, ती तर कायमच असते. म्हणजे जवळजवळ वर्षभर दर शनिवारी तिथे दोन-अडीचशे माणसं जमत होती आणि माझ्या नोंदीत ते दार उघडं होतं.

मी एक पैसाही घेतला नव्हता. आळसही केला नव्हता. फक्त दुसरी फेरी केली नव्हती. आग लागली नाही हा निव्वळ योग. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं. आमच्या विभागात त्यानंतर दरवाजाच्या बाबतीत फोटो चालत नाही.

म्हणून निलंबनाच्या बातम्यांनी मला बरं वाटत नाही. लाचखोर असतील त्यांना शिक्षा व्हावीच, कमी होऊ नये. पण त्या जागी उद्या माझ्यासारखी सरळ बाई बसवली तरी तिच्या यादीत आवाक्याबाहेरच्या इमारती असतील, तर ती कागदावर विश्वास ठेवायला लागेल. फॉर्म बी म्हणजे मालकाने पैसे देऊन आणलेला फोटोच आहे. एजन्सी मालकाची, फी मालकाची. खासगी एजन्सी इथेही असतात, स्प्रिंकलर आणि अलार्मची चाचणी त्याच करतात, पैसेही मालकच देतो. फरक पडतो तो त्या कागदानंतर कुणी आपल्या पायांनी तिथे जातं का यावर.

आणि जात नसेल तर ते कुणाला कळतं का, यावर. माझ्या मते मूळ मुद्दा हाच आहे.

इथलं उदाहरण देते, आणि ते अभिमानाचं नाही. २ डिसेंबर २०१६ च्या रात्री ओकलंडमध्ये घोस्ट शिप नावाच्या जुन्या गोदामात संगीताचा कार्यक्रम चालू होता. कलाकार मंडळी तिथे बेकायदा राहतही होती. आग लागली, ३६ जण गेले, बहुतेक तरुण. स्प्रिंकलर नव्हते, अलार्म नव्हता. आगीचं नेमकं कारण शेवटपर्यंत सापडलं नाही. पण त्या इमारतीची अग्निसुरक्षा तपासणी झाल्याची नोंदच दलाकडे नव्हती, हे मात्र लगेच सापडलं. २०२० मध्ये शहराने ३२ मृतांच्या कुटुंबीयांशी आणि वाचलेल्या एका जखमीशी मिळून ३ कोटी २७ लाख डॉलरला तडजोड केली. माझ्या पेशात त्या रात्रीबद्दल आजही खालच्या आवाजात बोलतात.

त्यानंतर स्थानिक पत्रकारांनी आसपासच्या शहरांची दफ्तरं मागवली. कॅलिफोर्नियात शाळा आणि अपार्टमेंटची तपासणी दरवर्षी करणं कायद्याने बंधनकारक आहे. ती कित्येक ठिकाणी झालेलीच नव्हती. मग २०१८ मध्ये राज्याने एक छोटा कायदा केला. त्यात नवा दंड नाही, नवा दाखला नाही. अग्निशमन दलाने दरवर्षी नगर परिषदेसमोर उघड सभेत सांगायचं: बंधनकारक तपासणीच्या शाळा किती, हॉटेलं किती, अपार्टमेंट किती, त्यातल्या किती आम्ही पाहिल्या. बस, एवढंच.

त्या आकड्यांची आमच्या ऑफिसला वाटणारी धास्ती मी पाहिली आहे. एका वर्षी आमचा आकडा शंभर टक्क्यांच्या बराच खाली होता. साहेबांना सभेत उभं राहून सांगावं लागलं की माणसं कमी आहेत. वर्तमानपत्रात छापून आलं. लाज वाटली, आणि पुढच्या अंदाजपत्रकात दोन तपासनीसांची पदं मिळाली. "मनुष्यबळ अपुरं आहे" हे वाक्य आगीनंतर चौकशी समितीपुढे बोलण्यापेक्षा आगीआधी सभागृहात बोललं की त्याचं काय होतं, ते मी तेव्हा पाहिलं.

घरी काय होतं? २०२१ चं वर्ष आठवा. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशु कक्षाला आग लागून १० बाळं गेली. सगळ्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले. मार्चमध्ये भांडुपच्या मॉलमधलं रुग्णालय पेटलं. २३ एप्रिलला विरारमध्ये अतिदक्षता विभागातले १५ रुग्ण गेले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ११. ऑडिट या शब्दाचा अर्थ हिशेब तपासणं. महाराष्ट्रातल्या सामान्य माणसाने विचारलं असतं की जानेवारीच्या आदेशानंतर माझ्या तालुक्यातल्या किती रुग्णालयांत कुणी प्रत्यक्ष जाऊन आलं, किती ठिकाणी दोष निघाले, ते दुरुस्त झाले का हे पाहायला पुन्हा कोण गेलं, तर त्याला ते एका पानावर वाचायला मिळालं असतं का?

म्हणून माझी घरच्या मंडळींना विनंती आहे की मागणी बदला. दर वर्षी मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याने महापालिकेच्या महासभेत प्रभागवार आकडे ठेवावेत: रुग्णालयं, शाळा, क्लासेस, मंगल कार्यालयं, उंच इमारती, फॉर्म बी किती आले, किती इमारतींत दलाचा माणूस स्वतः गेला, किती ठिकाणी दुसऱ्यांदा गेला. आकडे वाईट असतील. पहिल्या वर्षी फारच वाईट असतील. ते वाईट आकडे वाचून दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला शिव्या घालू नका, त्याला माणसं द्या.

१४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्यापुढे मान झुकतेच. त्या आठवड्यात माझ्या भाचीच्या शाळेत बंबाची प्रात्यक्षिकं होतात, मुलं टाळ्या वाजवतात. हे आकडे वाचायला मला तोच आठवडा योग्य वाटतो. जवानाला आत शिरावं लागू नये म्हणून आपण वर्षभर काय केलं, हे त्याच्या स्मृतिदिनी नाही तर कधी सांगायचं?

माझा धाकटा भाऊ त्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. गेल्या खेपेला मी त्याच्याबरोबर सगळे जिने चढले. सातव्या मजल्यावरच्या रेफ्यूज एरियाला कुलूप होतं, आत जुनी कपाटं, गाद्या, सायकली. फॉर्म बी फाइलमध्ये व्यवस्थित लावलेला. "ताई, एजन्सीवाला खालीच ऑफिसात बसतो गं, वर कुणी जात नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. पुढची सर्वसाधारण सभा त्याने त्या कुलपावरच घेतली, भांडणं झाली, आणि मागच्या आठवड्यात त्याने मला फोटो पाठवला: कुलूप नाही, फरशी धुतलेली, भिंतीपर्यंत रिकामी जागा.

फोटो बघून मला खूप आनंद झाला. त्याला तसं लिहिलं. आणि खाली लिहिलं, पंधरा दिवसांनी, कुणाला न सांगता, पुन्हा चढून बघ.