‘सगळ्यांना एकाच एरर पेजवर पाठवा’ या सल्ल्यात काय चुकतंय

वेब ॲप बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फॉरवर्ड होतो. परवानगी नसलेला कुणी आतल्या पानावर आला की त्याला देखण्या ‘प्रवेश नाही’ पानावर रिडायरेक्ट करा (म्हणजे ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवा), काम झालं. 401-403 या सर्व्हरच्या एरर कोडांचा घोळ घालू नका, वापरकर्त्याला कोड कुठे कळतात? आणि सगळ्या चुकांना एकच पान ठेवा, म्हणजे हॅकरला सुगावा लागत नाही. यातल्या प्रत्येक वाक्यात गोम आहे.

‘रिडायरेक्ट केलं की काम झालं.’ सगळ्यात मोठा घात इथेच होतो. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेत ‘लोकेशन’ हेडर (नवा पत्ता सांगणारी ओळ) पाठवला म्हणून स्क्रिप्ट थांबत नाही. पुढच्या ओळीत ‘एक्झिट’ नसेल तर खालचा कोड चालूच राहतो: डेटाबेसला क्वेरी होते, पगाराचा तक्ता तयार होतो आणि 302 च्या (‘दुसऱ्या पत्त्यावर जा’ सांगणाऱ्या कोडच्या) उत्तरासोबत तोही रवाना होतो. ब्राउझर लगेच दुसऱ्या पानावर जातो, त्यामुळे टेस्टिंग करणाऱ्याला फक्त ते देखणं पान दिसतं. कर्ल हे टर्मिनलवरून पानं मागवणारं साधन मात्र सांगितल्याशिवाय रिडायरेक्टच्या मागे जात नाही. तीच यूआरएल त्याने मागवा, अख्खा तक्ता टर्मिनलवर हजर. खालच्या कोडमध्ये ‘डिलीट’ असेल तर विचारायलाच नको. या चुकीला सीडब्ल्यूई या सॉफ्टवेअरमधल्या कच्च्या दुव्यांच्या यादीत स्वतंत्र क्रमांक आहे, 698. परवानगी तपासून विनंती तिथेच थांबवणं हे सर्व्हरचं काम. पान कसं दिसतं हा त्यानंतरचा प्रश्न.

‘वापरकर्त्याला कोड कळत नाही.’ कबूल. पण कोड त्याच्यासाठी नसतोच मुळी. तो असतो जावास्क्रिप्टसाठी, मोबाइल ॲपसाठी, लॉग म्हणजे सर्व्हरच्या नोंदी बघणाऱ्यासाठी. जावास्क्रिप्टचं ‘फेच’ रिडायरेक्टच्या मागे गुपचूप जातं, शेवटी 200 (‘सगळं ठीक’) मिळतो, सगळं आलबेल वाटतं, आणि जेसन स्वरूपातला डेटा वाचायला जावं तर पहिलंच अक्षर ‘<’, म्हणजे डेटाऐवजी एचटीएमएल पान आलेलं. कुणी 1041, 1042, 1043 असे रेकॉर्ड क्रमाने उघडून बघत असेल तर लॉगमध्ये 403 ची रांग लागायला हवी. या सल्ल्याने तिथे 302 आणि 200 दिसतात, आणि त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

शिवाय 401 आणि 403 एक नव्हेत. पहिला म्हणतो, आपण कोण ते कळलं नाही. दुसरा म्हणतो, ओळखलं, पण इथे परवानगी नाही. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एएसपी डॉट नेट एमव्हीसी फ्रेमवर्कमध्ये परवानगी तपासणारं ‘ऑथोराइझ’ दोन्ही वेळा 401 द्यायचं आणि लॉगिन सांभाळणारं फॉर्म्स ऑथेंटिकेशन त्याचं लॉगिन पानाकडे रिडायरेक्ट करायचं. म्हणजे लॉगिन केलेला क्लार्क रिपोर्टवर क्लिक करतो, लॉगिनचं पान येतं. पासवर्ड टाकतो, पुन्हा तेच पान. बिचारा पासवर्ड बदलत बसतो. पुढे एएसपी डॉट नेट कोअरमध्ये ‘चॅलेंज’ (ओळख मागणं) आणि ‘फॉरबिड’ (मनाई करणं) वेगळे केले. जावाच्या स्प्रिंग सिक्युरिटीतही या दोन कामांना दोन वेगळे हँडलर आहेत.

‘एकच पान ठेवलं की हॅकर आंधळा होतो.’ याला थोडा आधार आहे, नाही असं नाही. सप्टेंबर 2010 मध्ये एएसपी डॉट नेटमधली पॅडिंग ओरॅकल त्रुटी (वेगवेगळ्या एररवरून हल्लेखोराला गुप्त मजकूर उलगडता येणं) उघड झाली, तेव्हा पॅच येईपर्यंतचा उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टनेच सगळ्या एररना एकच पान दाखवायला सांगितलं होतं. पण तो तात्पुरता उपाय होता. पॅच त्याच महिन्यात आला. एखादी गोष्ट अस्तित्वात आहे हेच लपवायचं असेल तर 404 (‘सापडलं नाही’) द्यावा. एचटीटीपीचे नियम सांगणाऱ्या आरएफसी 9110 ला ते मान्य आहे आणि कोड साठवणारी गिटहब साइट खासगी रिपॉझिटरीसाठी तेच करते. मात्र आपल्याच ऑफिसातल्या माणसाला ‘काहीतरी चुकलं’ एवढंच सांगून कुणाचं भलं होत नाही. ‘हे पान फक्त लेखाविभागासाठी आहे, परवानगी विभागप्रमुखांकडून घ्या’ असं लिहिलं तर सपोर्टचा एक फोन वाचतो.

स्वतःचं पान जरूर बनवा, फक्त ते त्याच यूआरएलवर, मूळ कोडसह द्या. एएसपी डॉट नेट कोअरमध्ये त्यासाठी एरर पानांचा ‘री-एक्झिक्यूट’ प्रकार आहे, ‘रिडायरेक्ट्स’ प्रकार टाळा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या ‘एरर पेज’ सेटिंगमध्ये आणि अपाची सर्व्हरच्या ‘एरर डॉक्युमेंट’मध्ये साइटवरचा स्थानिक पत्ता द्या, एचटीटीपीपासून पूर्ण पत्ता लिहिलात की दोघंही रिडायरेक्ट करतात. अपाचीत 401 ला तर स्थानिक पत्ताच द्यावा लागतो, कारण ब्राउझरला 401 पोचला नाही तर पासवर्ड विचारणारी खिडकीही उघडत नाही.