गिऱ्हाईक नसलेली मेरिलिन

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल नाशकात आपल्याला भेटतो तो कॅफेच्या भिंतीवर. कॉलेज रोडला जा नाहीतर गंगापूर रोडला, चार चौकटींत चार रंगांची हॉलिवूडची नटी मेरिलिन मन्रो टांगलेली असते आणि तिच्याखाली पोरं कोल्ड कॉफी पीत बसलेली असतात. हल्ली त्याच धर्तीचे निळू फुले आणि दादा कोंडकेही दिसायला लागलेत, ते मला मनापासून आवडतात. भिंतीकडे बघून लोक दोनपैकी एक काहीतरी म्हणतात. एक तर ‘भारी आहे’, नाहीतर ‘ह्यात काय एवढं, मोबाइलवर दोन मिनिटांत होतं’. माझी तक्रार वेगळीच आहे. भिंतीवरची मेरिलिन फार स्वच्छ असते. १९६२ साली वॉरहॉलने छापलेली मूळ मेरिलिन अशी नव्हती.

माझं सगळं आयुष्य स्क्रीन प्रिंटिंगमध्ये गेलं. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, स्टिकर, सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या पॅनलवरच्या पट्ट्या. चित्रकलेतलं मला फार कळतं असं नाही, पण छपाईतलं कळतं, आणि वॉरहॉल समजून घ्यायला ते जास्त उपयोगी पडतं. त्या जोरावर सांगतो, या माणसाची सगळ्यात चांगली पोर्ट्रेट्स ती, ज्यांना गिऱ्हाईक नव्हतं.

तो मुळात आपल्यातलाच, कमर्शियल आर्टिस्ट. जन्म १९२८चा, पिट्सबर्गमधला. आईबाप आजच्या स्लोव्हाकियातल्या एका खेड्यातून पोट भरायला अमेरिकेत आलेले. १९४९ मध्ये शिक्षण संपवून न्यूयॉर्क गाठलं आणि पुढची दहाएक वर्षं जाहिरातीची चित्रं काढली. आय. मिलर या बूट कंपनीसाठी काढलेल्या त्याच्या बुटांच्या चित्रांचं तेव्हा नाव होतं. त्याची पद्धत मजेशीर होती. शाईने रेघ काढायची आणि ओली असतानाच दुसऱ्या कागदावर टिपून घ्यायची. टिपलेली रेघ कुठे तुटते, कुठे फुगते. म्हणजे तुटकी रेघ त्याला पहिल्यापासून प्रिय. कुणी म्हणेल, अहो, ही तर ऑर्डरचीच कामं, मग तुमचं गिऱ्हाईकाचं तत्त्व कुठे गेलं? बरोबर आहे. पण बूट कधी ‘माझं नाक जरा सरळ करा’ असं म्हणत नाही.

१९६२च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत त्याने सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली. त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी पुढे जातो. ऑगस्टच्या सुरुवातीला मेरिलिन गेली. वॉरहॉलने तिच्या एका जुन्या सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला फोटो घेतला, तो मोठा करून स्क्रीनवर, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीवर, उतरवला आणि छापायला लागला. स्क्रीन प्रिंटिंग त्याने त्याच वर्षी हातात घेतलं होतं. कॅनव्हासवर आधी हाताने रंग भरायचे, केसांचा पिवळा, ओठांचा लाल, पापण्यांवरचा निळा, आणि वरून फोटोची काळी छपाई मारायची. आता दोन कामं एकमेकांवर बसवायची म्हणजे रजिस्टर, रंगावर रंग नेमका बसणं, हलणारच. लाल ओठांच्या बाहेर आला, पिवळा कपाळावर उतरला. आमच्याकडे असा माल गिऱ्हाईकाच्या हाती पडायच्या आधी रद्दीत जातो.

लंडनच्या टेट संग्रहालयातलं ‘मेरिलिन डिप्टिक’, म्हणजे दोन फलकांचं चित्र, त्याच वर्षीचं. पन्नास चेहरे, डावीकडे पंचवीस रंगीत, उजवीकडे पंचवीस नुसते काळे. उजवी बाजू बघितल्यावर आमच्या धंद्यातला कुणीही हसेल, कारण ते दुखणं आपल्या ओळखीचं आहे. एका उभ्या रांगेत शाई इतकी जास्त सुटलीय की चेहरा काळाठिक्कर. कडेला जाता जाता शाई कमी पडलीय आणि बाई विरत चाललीय. स्क्रीन धुतली नाही, स्क्वीजीचा, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीचा, दाब सारखा पडला नाही, जाळी चोक झाली की असंच होतं. वॉरहॉलला ते दिसत नव्हतं असं नाही. दहा वर्षं छपाईसाठीच चित्रं काढलेला माणूस तो. दिसलं आणि राहू दिलं. समीक्षक तिथे मृत्यू आणि प्रसिद्धी यांवर पानंच्या पानं लिहितात. चुकीचं नाही, पण ते सगळं त्या चोक झालेल्या जाळीतून आलंय, हेही कुणीतरी लिहा.

आणि ते राहू देता आलं, कारण ‘हे काय केलंत?’ असं विचारणारं कुणी नव्हतं. मेरिलिन हयात नव्हती. नटी एलिझाबेथ टेलर, गायक एल्व्हिस, नवऱ्याच्या हत्येनंतरची जॅकी केनेडी, यांपैकी कुणी ‘आमचं चित्र काढा’ म्हणून पैसे मोजले नव्हते. चेहरे मासिकांतून, वर्तमानपत्रांतून आलेले. १९६३ मध्ये एल्व्हिसची चित्रं तर त्याने न कापलेल्या ताग्यावर छापून लॉस एंजेलिसला पाठवली, तिकडे गॅलरीवाल्याने बसून कापली आणि चौकटींवर ताणली. त्याच वर्षी हाताखाली घेतलेला जेरार्ड मलांगा हा पोरगा नेकटायच्या कापडावरच्या छपाईत तयार झालेला होता.

छापलेलं चित्र हे चित्रच नव्हे, म्हणणारे आपल्याकडेही आहेत. त्यांनी आजीच्या देवघरातली रविवर्म्याची लक्ष्मी आठवावी. ती छापलेलीच होती. रविवर्म्याच्या छापखान्याशी आपले त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके जोडलेले होते, सिनेमाच्या कितीतरी आधी. आणि नाशिक रोडवाल्यांना छपाईची किंमत मी काय सांगणार! करन्सी नोट प्रेस १९२८ची, वॉरहॉलच्याच वयाची. त्यानेही १९६२ मध्ये डॉलरच्या नोटा कॅनव्हासवर छापल्या होत्या, एका चित्रात तर दोनशे. फरक एवढाच की प्रेसमध्ये हललेली नोट बाहेर जात नाही, आणि त्याच्याकडे हललेलीच बाहेर जायची.

मग १९७०चं दशक आलं आणि गिऱ्हाईक आलं.

मधे १९६८ मध्ये त्याच्यावर गोळीबार झाला, मरता मरता वाचला. त्यानंतर धंदा शिस्तीत बसला. उद्योगपती, त्यांच्या बायका, फॅशनवाले, गायक, इराणचे शहा, सगळ्यांची पोर्ट्रेट्स. आकार ठरलेला, ४० इंच बाय ४० इंच. भाव ठरलेला, पहिल्या फलकाला २५,००० डॉलर, त्याच चेहऱ्याचा दुसरा हवा असेल तर सवलतीत. बसवायचं, चेहऱ्यावर पांढरा मेकअप थापायचा म्हणजे सुरकुत्या गायब, पोलरॉइड कॅमेऱ्याने धडाधड फोटो काढायचे, त्यातला एक निवडायचा. पॉझिटिव्ह, म्हणजे स्क्रीन बनवायची फिल्म, तयार झाली की तिच्यावरच मानेची जाडी आणि हनुवटीखालची घडी कमी करायची. १९७७ पासून छपाई रूपर्ट स्मिथ नावाचा प्रिंटर बघायचा. म्हणजे चक्क जॉबवर्क.

हे वाचताना द्वारका सर्कल आठवलं की नाही? मला तर अशोक स्तंभापासून मुंबई नाक्यापर्यंतचे सगळे फ्लेक्स आठवले. ‘काका, भाऊंना जरा गोरं करा’, ‘दादांची मान बारीक करा’, ‘मागच्या रांगेतला तो काढून टाका, तो आता आपल्यात नाही’. सिंहस्थ जवळ येतोय, आता महंतांचीही भर पडेल. विजयानंद, सर्कल या थिएटरांच्या काळातले हाताने रंगवलेले सिनेमाचे बोर्ड आठवा. त्यात हिरोचा गाल एखादे वेळी वाकडा असायचा, पण तो कुणीतरी रंगवलेला गाल असायचा.

ऑर्डरच्या कामाला मी नावं ठेवत नाही, त्यावरच माझं घर चाललं. वॉरहॉलही ते लपवत नव्हता, धंदा उत्तम करणं हीसुद्धा कलाच, असं तो उघड म्हणायचा. मला राग येतो तो त्या पोर्ट्रेट्सना ‘श्रीमंतांवरचं सूक्ष्म भाष्य’ ठरवणाऱ्यांचा. भाष्य कसलं? बाईंना चाळिशीत पंचविशीच्या दाखवलंय, आणि चेक वटलाय. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ही सगळी मांडली तेव्हा समीक्षकांनी झोडपलं. माझ्या मते बऱ्यापैकी रास्तच.

त्याच दशकातली जी चित्रं अंगावर येतात, त्यांचं गिऱ्हाईक शोधून बघा. १९७२चा चीनचा नेता माओ. तो काही ऑर्डर द्यायला आला नव्हता. रंगाचे फटकारे गालावरून बाहेर गेलेत, ओठांना लाली लावल्यासारखं दिसतं. किंवा १९७४ मध्ये काढलेली आईची, ज्युलियाची पोर्ट्रेट्स. ती १९७२ मध्ये वारली होती. म्हातारी न्यूयॉर्कला येऊन त्याच्याजवळ राहायची, त्याच्या जाहिरातींतली वळणदार अक्षरं बऱ्याचदा तिच्या हातची असायची. तिच्या चित्रात चष्मा आहे, सुरकुत्या आहेत, मान बारीक करायच्या भानगडीत तो पडलेला नाही. आणि १९८६ची स्वतःची पोर्ट्रेट्स. काळ्या अंधारात नुसतं डोकं, विगचे केस ताठ उभे, गाल बसलेले. ती ज्याच्यावर मेकअप थापायची गरज नाही अशा माणसाची आहेत. फेब्रुवारी १९८७ मध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर तो गेला.

बाजाराचं मत अर्थातच माझ्याविरुद्ध आहे. मे २०२२ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात त्याची मेरिलिन सुमारे १९.५ कोटी डॉलरला गेली. ती कुठली, तर १९६४ची, सेज ब्लू रंगावरची. तोवर हात बसला होता. रंग कडेला कडा लावून बसलेत, रजिस्टर जवळजवळ चोख. छपाई म्हणून शंभरपैकी पंच्याण्णव. मला मात्र कुणी फुकट दिली तरी मी दोन वर्षं आधीची बरबटलेलीच मागेन. (देणाऱ्याने इनबॉक्समध्ये यावं.)

आता पोरांसाठी एक. गुगलवरून फोटो उचलून डिझाइन करता ना, तर वॉरहॉललाही ते महागात पडलंय. १९६४च्या फुलांच्या चित्रांसाठी मासिकातला फोटो उचलला, तर तो काढणाऱ्या बाईंनी खटला भरला आणि तडजोड करावी लागली. पुढचं त्याहून मोठं. १९८४ मध्ये एका मासिकाने लिन गोल्डस्मिथ यांचा प्रिन्स या गायकाचा फोटो एकदाच वापरायचा म्हणून ४०० डॉलर देऊन घेतला, वॉरहॉलने त्यावरून एकाच्या जागी सोळा चित्रं केली. २०१६ मध्ये त्यातलं दुसरंच एक चित्र छापायला वॉरहॉल फाउंडेशनला १०,००० डॉलर मिळाले, गोल्डस्मिथ बाईंना काही नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल बाईंच्या बाजूने लागला. मला तो पूर्ण पटतो. फोटो काढणाऱ्याला नाव आणि पैसे दोन्ही मिळायला हवेत, मग पुढे त्यावर स्क्वीजी कुणीही मारो.

टेटच्या वेबसाइटवर डिप्टिक मोठं करून बघा, उजवी बाजू सावकाश. आणि जाळी चोक झालेली खरीखुरी बघायची असेल तर दुकानात या. लग्नसराईत संध्याकाळी रोजच होते.