जुना फ्लॅट कितीला मागावा: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर अशा भागांतील जुना, दुरुस्तीला आलेला फ्लॅट कितीला मागावा, या विषयावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आक्षेप नोंदवले आहेत. लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. त्याच परिसरातील तेवढ्याच आकाराच्या, नीट दुरुस्त केलेल्या फ्लॅटचा व्यवहार प्रत्यक्षात कितीला झाला ते पाहावे. त्या रकमेतून दुरुस्तीचा खर्च, त्या खर्चाच्या २० टक्के राखीव रक्कम, काम चालू असताना दुसरीकडे भरावे लागणारे भाडे आणि सोसायटीची ठरलेली पण अजून गोळा न झालेली वर्गणी वजा करावी. आणि उरेल तो आकडा आपली कमाल मर्यादा समजावा, असे मी सुचवले होते. आपले म्हणणे असे की, पुण्यात व्यवहार चौरस फुटाच्या दरानेच होतात, दुरुस्ती ही ज्याची त्याची हौस असते, सोसायटी रिडेव्हलपमेंटला (जुनी इमारत पाडून विकसकाकडून नवी बांधून घेण्याला) जाणारच असेल तर असली वजाबाकी निरर्थक ठरते, २० टक्के राखीव रक्कम म्हणजे लोकांना उगाच घाबरवणे आहे, आणि आयुष्य त्या घरात काढलेल्या वृद्ध दांपत्यासमोर असा हिशेब मांडणे अपमानास्पद आहे.

हौसेच्या मुद्द्यावर आपले नि माझे फारसे मतभेद नाहीत. मोझॅकच्या फरश्या काढून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवणे किंवा कडप्प्याचा ओटा तोडून मॉड्यूलर किचन करणे याचा भार मालकाने सोसण्याचे काहीच कारण नाही, आणि माझ्या वजाबाकीत तो धरलेलाही नाही. वजा करायचा तो फक्त जो कोणी ते घर घेईल त्याला करावाच लागेल असा खर्च. चाळीस वर्षांपूर्वीच्या फ्लॅटमध्ये सकाळी स्वयंपाकघरातला नळ पहिल्यांदा सोडला की आधी तांबूस पाणी येते आणि धार करंगळीएवढी असते, कारण जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजून बुजत आलेले असतात. घर दाखवण्याआधी रंग दिलेला असेल, तर न्हाणीघराच्या पाठीमागच्या भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत बोटाने ठोकत जावे. गिलावा सुटला असेल तिथे आवाज पोकळ येतो आणि ताज्या रंगाचा पापुद्रा नखाने उचलला की खालचा पांढरा लोणा हाताला लागतो. पाइप, वॉटरप्रूफिंग, अर्थिंग नसलेले जुने वायरिंग, यांत हौस कसली?

चौरस फुटाच्या दराबद्दल एवढेच म्हणतो की तो दर आकाशातून पडत नाही. दुरुस्त केलेले आणि न केलेले असे दोन्ही फ्लॅट मिळून तो सांगितला जातो, आणि जुन्या करारनाम्यांत क्षेत्रफळ बिल्टअप (भिंतींच्या जाडीसह) लिहिलेले असते तर एजंट आजचा दर कार्पेटवर (आतल्या वापरायच्या जागेवर) सांगतो, किंवा नेमके उलटे. दर आणि क्षेत्रफळ एकाच मापाचे आहेत ना, हे पाहिल्याशिवाय गुणाकार करू नये. व्यवहार खरोखर कितीला झाला हे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराच्या गोषवाऱ्यात, पाहता येते. शेजाऱ्याच्या तोंडच्या आकड्यापेक्षा ते केव्हाही बरे.

आता आकडे मांडतो. ते समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, दुरुस्त फ्लॅट ९० लाखांना गेला. आपण पाहत असलेल्या फ्लॅटला अत्यावश्यक दुरुस्ती ६ लाख, राखीव रक्कम १ लाख २० हजार, चार महिन्यांचे भाडे १ लाख आणि गच्चीच्या कामासाठी सोसायटीने ठरवलेली वर्गणी २ लाख आहे. मर्यादा येते ७९ लाख ८० हजार, म्हणजे साधारण ८० लाख. आपण म्हणाल, दहा लाख कमी देऊन वर पुन्हा तक्रार कसली? परंतु हा फ्लॅट दहा लाखांनी स्वस्त पडत नाही, आणि सुरुवातीला खिशातून तर जास्तच काढावे लागतात. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळू शकते आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरले जात नाही. ९० लाखांच्या फ्लॅटसाठी स्वतःचे १८ लाख, ७ टक्क्यांप्रमाणे मुद्रांक शुल्क ६ लाख ३० हजार आणि नोंदणीचे ३० हजार मिळून २४ लाख ६० हजार लागतात. ८० लाखांच्या फ्लॅटसाठी १६ लाख, ५ लाख ६० हजार आणि ३० हजार झाले की दुरुस्ती, राखीव रक्कम आणि भाडे यांचे ८ लाख २० हजार पुढे उभेच असतात. एकूण ३० लाख १० हजार. सोसायटीची वर्गणी तर अजून बाहेरच आहे. ‘स्वस्त’ फ्लॅट घेणाऱ्याला सुरुवातीला साडेपाच लाख जास्त रोख उभी करावी लागते. दुरुस्तीसाठी वेगळे कर्ज मिळते हे खरे, पण त्याचाही हप्ता त्याच पगारातून जातो. घर महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती दोन्ही फ्लॅटना सारखीच लागू असल्याने तुलना बदलत नाही.

रिडेव्हलपमेंटचा आपला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुण्यात आज सर्वाधिक पैसा याच आशेवर मोजला जातो. मालक म्हणतात, ‘दोन-तीन वर्षांत नवीन मोठा फ्लॅट मिळेल, म्हणून दर जास्त.’ घेणारा तो वाढीव दर देतो, आणि वर सहा-सात लाख खर्चून पाइप नि वायरिंग बदलतो. ज्या भिंती पाडायच्याच आहेत त्यांना वॉटरप्रूफिंग कशाला? इमारत खरोखर जाणार असेल, तर किंमत भावी फ्लॅटची धरावी आणि दुरुस्ती राहण्यापुरती करावी. जाणार नसेल, तर किंमत आजच्या घराची धरावी आणि दुरुस्ती पुरती वजा करावी. दोन्ही पैसे एकाच वेळी मोजणारी माणसे मी पाहतो, आणि त्यांना तसे करण्याचा सल्ला बहुधा ज्याची दलाली किमतीच्या टक्केवारीवर ठरते त्यानेच दिलेला असतो.

मग जाणार की नाही हे कसे ओळखायचे? सर्वसाधारण सभेत ‘चर्चा झाली’ याला काडीचा अर्थ नाही. जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी हक्काची बदली) सोसायटीच्या नावे झाले आहे का, नसल्यास मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर सही करत नसेल तेव्हा सरकारी अधिकाऱ्याकडून ते करून घेण्याचा) अर्ज तरी दाखल आहे का, विकसकाची निवड ठरावाने झाली आहे का, करारनामा नोंदवला आहे का, हे कागद पाहावेत. समोरचा रस्ता किती रुंद आहे तेही मोजावे, कारण किती वाढीव बांधकाम मिळणार हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. ६ मीटरच्या गल्लीतील सोसायटीने १२ मीटरच्या रस्त्यावरच्या सोसायटीची स्वप्ने पाहू नयेत. करारनामा नोंदवलेला असेल तर त्यातला फ्लॅटचा आकार किमतीत धरायला माझी हरकत नाही. नुसता ठराव असेल तर मी त्यासाठी एक रुपयाही वाढवणार नाही, आणि इमारत तीस वर्षांपुढची असेल तर शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल मागेन. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार अशा इमारतीचे ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवे.

आपल्या प्रतिक्रियेत न आलेली एक बाजूही सांगायला हवी, कारण ती आपल्या बाजूची आहे: किंमत वाटेल तितकी खाली ओढणे घेणाऱ्यालाही महागात पडते. मुद्रांक शुल्क करारातील रक्कम आणि रेडी रेकनरनुसारचे (सरकारने ठरवलेल्या दरांप्रमाणे येणारे) मूल्य यांतील जास्त असेल त्यावर भरावे लागते. रेकनरचे मूल्य करारातील रकमेपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असेल, तर संपूर्ण फरक घेणाऱ्याचे उत्पन्न समजून त्यावर आयकर लागू शकतो. ८० लाखांना घेतलेल्या फ्लॅटचे रेकनर मूल्य ९२ लाख निघाले, तर १२ लाखांचा प्रश्न उभा राहतो. इमारतीच्या वयानुसार रेकनरमध्ये घसारा, म्हणजे मूल्यात घट, मिळतो, म्हणून जुन्या इमारतीत हे सहसा घडत नाही. तरीही आकडा सांगण्याआधी मूल्यांकन काढून घ्यावे.

वृद्ध मालकांबद्दल आपण जे लिहिले आहे त्यातली कळकळ मला मान्य आहे, पण हिशेब करणे आणि तो तोंडावर वाचून दाखवणे यांत फरक आहे. ‘काका, तुमचे पाइप सडलेत, भिंत गळतेय’ अशी यादी मालकांच्या दिवाणखान्यात, त्यांच्याच चहाचा कप हातात धरून, वाचण्याची गरज नसते. ‘घर आम्हांला आवडले आहे, आमची ऐपत ८० पर्यंत आहे, नळ आणि विजेचे काम आम्हांला लगेच करावे लागेल’ एवढे एकदाच सांगावे आणि थांबावे. मालकांनी नाही म्हटले तर तो त्यांचा अधिकार आहे. दुसरा कोणी ८५ देईल असे आपण म्हणता, देईलही. त्याचा भाऊ वरच्या मजल्यावर राहत असेल, किंवा तो स्वतः कंत्राटदार असल्याने सहा लाखांचे काम साडेतीनात उरकत असेल. त्याची वजाबाकी वेगळी, म्हणून त्याचा आकडा वेगळा.

राहिला २० टक्क्यांचा मुद्दा. न्हाणीघराची फरशी फोडेपर्यंत खालचा कोबा ओला आहे की कोरडा, आणि स्लॅबच्या सळ्या शाबूत आहेत की फुगल्या आहेत, हे कोणीच सांगू शकत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वाळू तिसऱ्या मजल्यावर डोक्यावरून जाते आणि राडारोडा तसाच खाली येतो. त्याची मजुरी पहिल्या अंदाजात क्वचितच असते. त्यातच बहुतेक सोसायट्यांत दुपारी एक ते चार हातोडा बंद, हा पुण्याचा अलिखित कायदा कामाचे दिवस वाढवतो आणि दिवसांबरोबर भाडेही. विसार देण्याआधी मालकांनी प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनला तासभर आत येऊ दिले, तर मी १५ टक्क्यांवर येईन. अर्धा तासही येऊ देत नसतील, तर ३० धरीन.