पोरींना हे नाव लावून हसणाऱ्यांसाठी

आज ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलीला मागच्या टेबलावरून कुणीतरी "ए सनी लिओनी" अशी हाक मारली आणि चारपाच जण फिदीफिदी हसले. पोरीने मान खाली घालून फाइल उघडली. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

सनी लिओनी २०११ मध्ये 'बिग बॉस'मध्ये आली, पुढच्याच वर्षी 'जिस्म २'ची नायिका झाली. आधी पॉर्न फिल्ममध्ये काम केलं ते तिने कधी लपवलं नाही. लपवतात ते बघणारे, मोबाइलची हिस्ट्री पुसून. आणि संस्कृती बुडाली म्हणून बोंब मारायलाही हेच पुढे!

२०१७ मध्ये तिने आणि तिच्या नवऱ्याने लातूरची एक २१ महिन्यांची मुलगी दत्तक घेतली. ती बातमी ताजी असतानाच आमच्याकडे एक साखरपुडा होता. पंगतीत आमचे एक काका मठ्ठा पिता पिता म्हणाले, "वाटोळं झालं त्या पोरीचं." अख्खी पंगत हसली. मी जिलबी वाढत होते. तिथेच म्हटलं, "मग काका, तुम्ही का नाही आणलीत घरी?" आईने डोळे वटारले.

त्या लेकराला आधी ११ जोडप्यांनी नाकारलं होतं, हे दत्तकाचं काम बघणाऱ्या 'कारा'च्या तेव्हाच्या प्रमुखांनीच सांगितलं होतं. अकरा सोज्वळ घरं! वाटोळं कुणी केलं असतं मग?

तो धंदा चांगला आहे असं मी म्हणत नाही. तिथे कित्येक जणींवर जबरदस्ती होते, मान्य. सिनेमावाल्यांनीही तिला बरीच वर्षं नाचवूनच घेतलं, आपल्या मराठी 'बॉईज'मध्येसुद्धा गाणंच दिलं. पण २०१५ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे नेते अतुल अंजान भर सभेत म्हणाले, तिच्या कंडोमच्या जाहिरातीने बलात्कार वाढतील. म्हणजे करणारा पुरुष आणि दोष जाहिरातीतल्या बाईचा. २०१६ मध्ये टीव्हीवरच्या एका मुलाखतीत तिला भूतकाळावरून टोचून टोचून विचारलं, तेव्हा ती शांतपणे उत्तरं देत राहिली. मला नसतं जमलं.

काका वाईट नाहीत हो. लहानपणी मला सायकलवर डबलसीट शाळेत सोडायचे, माझ्या बारावीच्या निकालाला पेढे त्यांनीच वाटले. म्हणून तर ते पंगतीतलं वाक्य अजून सलतं. ज्या माणसाने मला एवढा जीव लावला, त्याला दुसऱ्याच्या तान्ह्या पोरीबद्दल असं बोलवलं कसं?

पडद्यावर ती चालते, तिची गाणी हळदीला डीजेवर चालतात, आजीपासून नातवापर्यंत सगळे नाचतात. आणि तेच नाव बाविशीतल्या पोरीला लावलं की तिची लाज काढता येते. बारा-तेरा वर्षांत आपण एवढंच शिकलो.

आज हसलेल्यांपैकी दोघे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. वाचत असाल तर नीट वाचा. ती पोरगी ऑफिसातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीकडे तक्रार देणार असेल तर साक्षीदार म्हणून माझं नाव घाल, असं मी तिला सांगून आलेय.