कोन फिल्टरने गाडी पळत नाही, नुसती ओरडते

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, एक इथला डेट्रॉइटचा मराठी ग्रुप, एक पुण्याच्या कॉलेजचा आणि एक चक्क आईच्या सोसायटीचा (तिथे स्पोर्ट्स कार कोणाकडे आहे देव जाणे). वर मथळा, 'स्पोर्ट्स कार आहे? ही कामं घरी करा, 50 हॉर्सपॉवर फुकट', आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात, 'सर्व्हिसिंग मात्र डीलरकडेच, घरी हात लावलात तर वॉरंटी गेली'. म्हणजे जे घरी करण्यासारखं आहे त्याला हात लावायचा नाही आणि ज्याची गरजच नाही ते हौसेने करायचं. माझ्याकडे 1990 ची माझदा मिआटा ही छोटी स्पोर्ट्स कार आहे, 1.6 लिटर, नवीन असताना 116 हॉर्सपॉवर, आता त्यातले किती घोडे जिवंत आहेत ते विचारू नका. गेली आठ वर्षं तिचं सगळं मीच करतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'कोन फिल्टर लावा, 20 हॉर्सपॉवर वाढेल.' कोन फिल्टर म्हणजे डब्याशिवायचा, शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर. अरे कशी वाढेल? कंपनीचा फिल्टरचा डबा दिसायला बावळट आहे पण तो बोनेटच्या आतली गरम हवा बाजूला ठेवून पुढून गार हवा घेतो. तो काढून उघडा कोन एक्झॉस्टच्या धगीत ठेवला की इंजिन गरम हवा ओढतं, आणि गरम हवा विरळ असते. 30 डिग्रीच्या जागी 50 डिग्रीची हवा गेली तर साधारण 6 टक्के हवा कमीच जाते, मग पॉवर वाढणार कुठून. पण आवाज येतो, मस्त येतो, आणि माणसाला वाटतं गाडी पळायला लागली. मीही लावला होता, दोन महिने खूश होतो, मग काढला. आणि एकूण 50 चा हिशोब बघा, हीच मिआटा 2019 ला 181 हॉर्सपॉवरला पोचली तेव्हा त्यात 2 लिटरचं पूर्ण वेगळं इंजिन होतं. फिल्टर आणि स्टिकरवर एवढं होत असतं तर माझदाने इंजिनं बनवायची कशाला?

'कॅट काढून सरळ पाइप टाका.' कॅट म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. यावर जास्त बोलत नाही. इथे मिशिगनमध्ये एमिशन टेस्ट नाही म्हणून लोक काढतात, पण फेडरल क्लीन एअर ॲक्टप्रमाणे ते बेकायदेशीरच आहे, टेस्ट नाही म्हणजे परवानगी नाही. आणि पुण्यातल्या मित्रांनो, तुमच्याकडे 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. फॉरवर्ड करणारा तो भरायला येणार नाही.

आता ब्रेक. इथे मात्र मला खरंच राग आला कारण इथे माणूस मरू शकतो. मेसेज म्हणतो भोकंवाल्या डिस्क टाका आणि ब्रेक ऑइल 'डॉट 5 टाका, आकडा मोठा म्हणजे क्वालिटी मोठी'. अहो तो काही परीक्षेचा मार्क नाहीये, ऑइलचा प्रकार आहे! डॉट 3, डॉट 4 आणि 5.1 ही एका कुटुंबातली, ग्लायकॉलवाली, आणि नुसतं डॉट 5 म्हणजे सिलिकॉन, ते यांच्यात मिसळतच नाही. जुनं ऑइल लाइनमध्ये असताना वरून डॉट 5 ओतलं की पेडलचा भरवसा संपला. भोकांचं म्हणाल तर ती जुन्या काळी पॅड तापून गॅस सोडायचे त्यासाठी होती, आजच्या पॅडना त्याची गरज नाही, उलट ट्रॅकवर त्याच भोकांपासून तडे सुटतात.

खरी भानगड वेगळीच असते. ग्लायकॉलवालं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 ताजं असताना कमीत कमी 230 डिग्रीला उकळतं, पाणी प्यायलं की तोच आकडा 155 वर येतो, मग उतारावर दहा वेळा ब्रेक दाबले की लाइनमध्ये वाफ आणि पाय सरळ जमिनीला. दोन वर्षांनी ते बदलायचं, बाटली स्वस्त आहे आणि काम घरी होतं. आमच्याकडे बायको पेडलवर, मी चाकाशी आडवा. 'दाब.' मी निपल, म्हणजे ब्रेकवरचा ऑइल सोडायचा छोटा स्क्रू, अर्धा वळसा सोडतो, पारदर्शक नळीतून उकळून ठेवलेल्या चहाच्या रंगाचं ऑइल आणि एखादा बुडबुडा बरणीत येतो. 'धरून ठेव, धरून ठेव', मी निपल बंद करतो, मग 'सोड'. तिने आधी सोडलं तर हवा उलटी आत, परत पहिल्यापासून. पहिल्या वर्षी आमचं यावरून जेवढं भांडण झालं तेवढं घराच्या लोनवरून झालं नव्हतं. मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलने दाबला जाणाऱ्या ब्रेकच्या पंपापासून, सगळ्यात लांबचं चाक आधी, त्याच्यावरचा ऑइलचा डबा रिकामा होऊ द्यायचा नाही, आणि पेंटवर थेंब पडला तर लगेच पाणी मारायचं, नाहीतर रंग निघून येतो.

'सस्पेन्शन खाली घ्या, रेस कारसारखी वळेल.' मिआटाला चारही चाकांना डबल विशबोन (वर-खाली दोन दांड्यांचं सस्पेन्शन) आहे, ती आधीच छान वळते, वळत नसेल तर सस्पेन्शनच्या सांध्यांतले तीस वर्षांचे रबरी बुश मेलेत असं समजा. ते बदला. आणि बदलताना एक गोष्ट कोणी सांगत नाही, गाडी हवेत लटकलेली असताना बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे नाहीत, चाकांवर वजन आल्यावर आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, ते मात्र दुकानात. त्याच्याही आधी टायरच्या कडेचा कोड बघा, शेवटचे चार आकडे, 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. एका मित्राच्या टायरला नक्षी भरपूर होती आणि टायर बारा वर्षांचे, लाकूड झालेले, आणि हा पठ्ठ्या गाडी खाली घ्यायला कॉइलओव्हर (स्प्रिंग-शॉकचा सेट) शोधत होता.

राहिली वॉरंटी. अमेरिकेत 1975 पासून मॅग्नसन-मॉस कायदा आहे, तुम्ही घरी ऑइल बदललं किंवा दुसऱ्या कंपनीचा फिल्टर लावला एवढ्यावर वॉरंटी नाकारता येत नाही, तुमच्याच कामामुळे बिघाड झाला हे त्यांना दाखवावं लागतं. पावत्या ठेवा, तारीख आणि मैल लिहून ठेवा, बस. मात्र तुम्हीच घोळ घातला असेल तर खर्च तुमचाच, आणि घोळ होतात. मिआटाचा ऑइल फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या) खाली अशा सांदीत बसवलाय की हात घातला की कोपरापर्यंत खरचटतो. मी एकदा जुना काढला, नवा बसवला, गाडी चालू केली आणि मिनिटात गॅरेजभर ऑइलचं तळं. जुन्या फिल्टरचं रबरी गॅसकेट इंजिनालाच चिकटून राहिलं होतं आणि मी त्याच्यावर दुसरं चढवलं होतं. तेव्हापासून जुना फिल्टर उलटा करून गॅसकेट आहे का बघितल्याशिवाय मी नव्याला हात लावत नाही.

आणि त्या मेसेजमधला शेवटचा फोटो, गाडी डिकीतल्या कात्री जॅकवर आणि खाली माणूस. तो जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो. गाडीखाली शिरायचं तर सपाट काँक्रीट, चाकांना ठोकळे, जॅक स्टँडवर (गाडी तोलून धरणाऱ्या पक्क्या घोड्यांवर) वजन, आणि आत जायच्या आधी गाडीला जोरात हलवून बघायचं. स्टँड नसतील तर त्या दिवशी गाडी धुवा.

मेसेज पाठवणारा मित्र हे सगळं ऐकून शनिवारी येतोय, कोन फिल्टरचा खोका परत करून दोन बाटल्या डॉट 4 घेऊन. त्याची बायको पेडलवर बसायला नाही म्हणाली, आमची तर आधीच नाही म्हणाली आहे, त्यामुळे 'दाब, धर, सोड' ऐकायची पाळी यावेळी माझी.